विहीर गावाची, पंप कोणाचा?



मागच्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला ती रात्र आठवते? साईट हँग झाली होती. लेडीज होस्टेलच्या पॅसेजमध्ये जी ती मोबाईल वर धरून "माझा उघडत नाहीये गं, तुझा?" करत फिरत होती. साडेअकराच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर एक एक्सेल शीट येऊन पडली. अख्ख्या ब्रँचचा निकाल, विषयवार मार्कांसकट, वरपासून खालपर्यंत नंबर लावलेला! आपल्याच एका वर्गमित्राने स्क्रिप्ट लिहिली होती. सीट नंबर एकापाठोपाठ एक असतात. एकेक टाकायचा, आलेलं पान वाचायचं, की पुढचा. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम. त्याचं कौतुकही खूप झालं.

मीही ती शीट उघडली. आधी स्वतःचं नाव पाहिलं, मग रूममेटचं, मग (खोटं कशाला बोलू?) जिचं माझं पटत नाही तिचं. आमच्या विंगमधली एक मुलगी तीन विषयांत राहिली होती. घरी कसं सांगायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती. पण तिच्या गावचा एक मुलगा आपल्याच कॉलेजात आहे. सकाळी मेसमध्ये पोहे यायच्या आधी तिच्या घरून फोन आला.

शीटवाल्याला विचारलं तर तो खरोखरच गोंधळला. "अगं, डेटा पब्लिकच आहे ना? मी काय हॅक केलं का?"

त्याचं चुकलं असं मला तेव्हा ठामपणे म्हणता आलं नाही. कारण त्याच महिन्यात आमच्या ग्रुपने त्याहून मोठा उद्योग करून ठेवला होता.

आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे मराठी टाईप करताना पुढचा शब्द सुचवणारं एक छोटं मॉडेल. त्याला शिकवायला मराठी मजकूर हवा, आणि भरपूर हवा. तो मिळवणं किती कठीण आहे हे शोधायला लागल्यावर कळतं. कॉमन क्रॉल नावाची अमेरिकेतली संस्था २००७ पासून जगभरची वेबपाने गोळा करून फुकट उपलब्ध करून देते. ओपनएआयच्या जीपीटी-३ ला जे वाचायला दिलं त्यात सर्वात मोठा वाटा याच साठ्याचा होता. त्या साठ्यात इंग्रजी चाळीस टक्क्यांच्या वर आणि मराठी एक टक्क्याच्याही पुष्कळ खाली. त्यातही बातम्या आणि राशिभविष्य वगळलं तर हाती काय राहतं ते विचारू नका.

शोधता शोधता एका निवृत्त शिक्षकांची साईट सापडली. त्यांचं नाव-गाव इथे देत नाही. आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले शब्द, म्हणी, छोट्या गोष्टी ते वर्षानुवर्षे टाईप करून ठेवत आले आहेत. काहींची तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्डिंग आहेत. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीला 'धाव' म्हणतात हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला तर तो खजिनाच होता.

रात्री जेवण झाल्यावर लॅबमधल्या मशीनवर स्क्रिप्ट लावली, एका वेळी चाळीस रिक्वेस्ट, समोर येईल ती लिंक उतरवायची, आणि आम्ही झोपायला गेलो. सकाळी सात हजारांच्या वर फाईली. आनंदाने चहा प्यायलो. मग लक्षात आलं की शेवटच्या तीन-चारशे फाईलींत मजकूरच नाही, एकच ओळ आहे: ५०९, बँडविड्थ लिमिट एक्सीडेड. स्वस्तातलं होस्टिंग, महिन्याचा कोटा ठरलेला. तो आम्ही एका रात्रीत संपवून टाकला होता. उरलेला महिना ती साईट कोणालाच उघडणार नव्हती.

एक गोष्ट मात्र आम्ही नीट केली होती. ट्युटोरियलमध्ये सांगितलं होतं म्हणून स्क्रिप्टच्या हेडरमध्ये माझा ईमेल टाकला होता. सरांच्या पुतण्याने सर्व्हरचा लॉग पाहिला आणि मेल आला. त्यात फोन नंबर होता. दोन दिवस घाबरून काढले आणि मग फोन केला.

"अगं पोरी, मागितलं असतंस तर पेनड्राइव्हवर भरून पाठवलं असतं की," सर म्हणाले. राग नव्हता. पुढे विचारलं, "सांगणाऱ्यांची नावं घेतलीत ना पण?"

प्रत्येक नोंदीखाली त्यांनी एक ओळ दिली होती: सांगणार अमुक, वय इतके, गाव तमुक. प्रत्येक पानावर तोच साचा दिसला म्हणून डेटा क्लीनिंगमध्ये आम्ही ती ओळ कचरा समजून उडवली होती.

मी फोनवर "हो" म्हणाले.

यानंतर कायदा काय म्हणतो ते मी वाचायला घेतलं. मी वकील नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ वाचलंत तर तुमचीही झोप उडेल. मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यातून माहिती डाउनलोड करणे, कॉपी करणे, काढून घेणे, सगळ्यालाच नुकसानभरपाई. यंत्रणा विस्कळीत केली, लोकांना ती वापरता येईना, तर त्याला वेगळी पोटकलमे. आणि हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता खरी मेख 'परवानगी' या शब्दात आहे. वेबसाईट उघडी ठेवणं हीच परवानगी नाही का? माणसाने पान उघडलं तरी त्याच्या मोबाईलवर कॉपी येतेच. मग चाळीस हातांनी एकदम उघडलं तर ती परवानगी कुठे संपते?

अमेरिकेत याच प्रश्नावर हायक्यू नावाची छोटी कंपनी आणि लिंक्डइन पाच वर्षं भांडत होते. हायक्यू लिंक्डइनवरचे सगळ्यांना दिसणारे प्रोफाईल उतरवून घेत असे. २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की जे पान लॉगिनशिवाय कोणालाही दिसतं ते वाचणं म्हणजे त्यांच्या १९८६ च्या कायद्यानुसार बहुधा 'घुसखोरी' ठरत नाही. स्क्रॅपिंगवाल्यांनी पेढे वाटले. पण त्याच वर्षाच्या शेवटी खालच्या कोर्टात हायक्यूने लिंक्डइनच्या वापराच्या अटी मोडल्याचं ठरलं आणि पाच लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. म्हणजे दार उघडं होतं हे खरं, पण दारावरची पाटीही खरी. आपण सगळेच 'आय अॅग्री' न वाचता दाबतो, त्यांना हे सांगून ठेवते.

आपल्याकडची केस मला जास्त आवडली, कारण ती झेरॉक्सच्या दुकानाची आहे! दिल्ली विद्यापीठाच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस. पुस्तकांतली प्रकरणे झेरॉक्स करून मुलांना कोर्सपॅक विकतात म्हणून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्यांच्यावर खटला भरला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की शिक्षणासाठी अशी झेरॉक्स चालते, कॉपीराइट म्हणजे काही दैवी हक्क नव्हे. २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला. आपल्या गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी तो निकाल फ्रेम करून लावायला हरकत नाही.

एआय कंपन्या आता साधारण हाच मुद्दा मांडतात. आम्हीही शिकतोच आहोत, मुलं वाचून शिकतात तसं आमचं मॉडेल शिकतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण कोर्सपॅक वाचून मुलगा परीक्षा देतो, तो ऑक्सफर्डच्या शेजारी दुकान टाकत नाही. कोर्टांनाही हे एका सुरात सांगता आलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाने थॉमसन रॉयटर्सचा मजकूर वापरून तिच्याच धंद्यात उतरणाऱ्या रॉस या कंपनीविरुद्ध निकाल दिला. जूनमध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने अँथ्रोपिक कंपनीच्या बाबतीत सांगितलं, विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेल शिकवलं तर ते योग्य वापरात बसतं, पण पायरेटेड साईटवरून लाखो पुस्तकं उतरवून साठवणं बसत नाही. पुढे त्या कंपनीने दीड अब्ज डॉलर देऊन तडजोड केली, एका पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली हायकोर्टात दावा लावला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या समितीने असं सुचवलं की एआय कंपन्यांना शिकवण्यासाठी मजकूर सरसकट वापरू द्यावा, पण त्यांच्याकडून रॉयल्टी गोळा करून लेखकांना वाटावी. लेखकाला 'माझं वापरू नका' म्हणायची सोय त्यात नाही. तालुक्यातल्या आजीबाईंची म्हण टाईप करणाऱ्या सरांपर्यंत ती रॉयल्टी कशी पोहोचणार हा माझा बाळबोध प्रश्न.

आरोन स्वार्ट्झचं नाव आपल्या ब्रँचच्या प्रत्येकाने ऐकायला हवं. त्याने एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या साठ्यातले लाखो शोधनिबंध स्क्रिप्ट लावून उतरवले. २०११ मध्ये त्याला अटक झाली. जेस्टोरने स्वतः प्रकरण पुढे नेलं नाही, पण सरकारी वकिलांनी गुन्हे वाढवत नेले. जानेवारी २०१३ मध्ये त्याने आत्महत्या केली, वय २६. एका मुलाने केलं तर तुरुंगाची भीती, आणि अब्जावधींच्या कंपनीने केलं तर 'इनोव्हेशन'! माझा राग इथे आहे. स्क्रॅपिंग हा शब्द एकच, पण करणाऱ्याच्या आकाराप्रमाणे त्याचा अर्थ उलटा लावला जातो.

माझ्या आजोळी एक सामाईक विहीर आहे. घागरीने पाणी नेणाऱ्याला कोणी विचारत नाही, कुठल्या आळीतला आहेस म्हणून. एका उन्हाळ्यात एकाने रात्री पंप लावून टँकर भरले आणि बाजूच्या गावात विकले, तेव्हा ग्रामपंचायतीत जे भांडण झालं ते आई अजून सांगते. पाणी तेच, विहीर तीच. आमच्या ग्रुपमधला एकजण लगेच म्हणेल, पाणी संपतं, डेटा कॉपी केल्याने संपत नाही. बरोबर आहे. पण सर्व्हर संपतो, हे आम्ही स्वतः करून पाहिलं. प्रोग्रॅमर लोकांची डॉक्युमेंटेशन फुकट ठेवणाऱ्या रीड द डॉक्सने २०२४ मध्ये जाहीर केलं की एका क्रॉलरने मे महिन्यात ७३ टेराबाईट उतरवले आणि त्यांना पाच हजार डॉलरहून जास्त भुर्दंड बसला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या सर्वात महागड्या ट्रॅफिकपैकी ६५ टक्के बॉट्सचं आहे. देणगी आपल्यासारख्यांची, बिल बॉट्सचं.

आणि वाचकही संपतात. सर्च इंजिनसुद्धा पानं उचलतंच, पण ते माणसाला तुमच्या दारापर्यंत आणून सोडतं. चॅटबॉट उत्तर तिथेच देतो, दारापर्यंत कोणी येतच नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर वर्षानुवर्षे लोकांनी फुकट उत्तरं लिहिली, आपल्या निम्म्या सबमिशन्स त्यांच्या जिवावर झाल्या. तिथल्या लायसन्सची अट साधी होती: वापरा, पण लिहिणाऱ्याचं नाव द्या. मे २०२४ मध्ये कंपनीने ओपनएआयशी करार केला. काही जणांनी निषेध म्हणून आपलीच उत्तरं खोडायला सुरुवात केली तेव्हा त्यांची खाती काही दिवस बंद करण्यात आली. म्हणजे करार झाला तो विहिरीच्या कठड्यावर बसलेल्याशी. खणणारे तसेच राहिले.

मग सगळ्यांनी कुलपंच लावावीत का? माझं मत नाही असं आहे, आणि इथे माझ्या काही मैत्रिणींशी माझं पटत नाही. वेबसाईट कोणत्या प्रोग्रॅमने वाचावी याची पाटी लावायची पद्धत १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टरने सुचवली. रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची साधी फाईल. कोणाच्या तरी बेशिस्त प्रोग्रॅमने त्याचा सर्व्हर बेजार केला होता म्हणे, म्हणजे आमचे पूर्वज तेव्हाही होते. ती पाळायची सक्ती नाही, सभ्यपणा आहे. आता सभ्यपणा संपत चालला म्हणून खरी कुलपं येताहेत. क्लाउडफ्लेअरने जुलै २०२५ पासून नव्या साईटींवर एआय क्रॉलर आपोआप अडवायला सुरुवात केली. मला त्यांचा राग समजतो. पण कुलूप लागलं की मोठी कंपनी किल्ली विकत घेते. बाहेर राहतो तो विद्यार्थी, पत्रकार, भाववाढीचा अभ्यास करणारा संशोधक. आणि मराठी. इंग्रजीचं निम्मं कुलूपबंद झालं तरी समुद्र उरेल, आपलं डबकं आहे. उद्याची मशीन मराठी नीट बोलायला हवीत तर त्यांना मराठी वाचायला मिळालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

माणसांबद्दलच्या माहितीला मात्र हे लागू करू नका. क्लिअरव्ह्यू एआयने लोकांचे नेटवरचे उघडे फोटो गोळा करून चेहरा ओळखायचं यंत्र बनवलं. नेदरलँड्सने २०२४ मध्ये त्यांना ३ कोटी ५ लाख युरो दंड केला. त्यांचंही म्हणणं तेच, फोटो पब्लिकच होते ना! आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जी माहिती माणसाने स्वतः जाहीर केली तिला सूट आहे. पण आमच्या विंगमधल्या त्या मुलीने आपल्या तीन केटी जाहीर केल्या नव्हत्या. तिने फक्त परीक्षा दिली होती. सीट नंबर टाकल्यावर तिचं पान दिसतं ते तिच्यासाठी, ते एकशे ऐंशी जणांच्या रांगेत लावून फिरवण्यासाठी नव्हे. एकेक पान निरुपद्रवी असतं, एकत्र केलं की त्याचं भलतंच काहीतरी होतं, हे डेटाबेसच्या पेपरला आपण कधी लिहीत नाही.

आणि नावाचं काय? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. 'पारी'च्या साईटवर त्या येतात तेव्हा गाणारीचं नाव असतं, गाव असतं, शक्य तिथे फोटोही असतो. तसं करायला वेळ लागतो, जागा लागते. आमच्यासारख्यांची क्लीनिंगची एक ओळ ते सगळं एका सेकंदात पुसून टाकते. मग मॉडेल ती म्हण अस्खलित सुचवतं आणि वाटतं मशीन काय हुशार आहे!

आता थोडं स्टाफसाठी, सर आणि मॅडम रागावणार नाहीत ही आशा. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची प्लेजरिझम टक्केवारी काटेकोर तपासली जाते. एका परिच्छेदासाठी आमच्या ग्रुपला तीनदा प्रिंट काढावी लागली. पण 'डेटा कुठून आणला, कोणाला विचारलं, साईटवर किती ताण टाकला' हा प्रश्न सिनॉप्सिसच्या फॉर्ममध्ये नाही, रिव्ह्यूत नाही आणि व्हायव्हात तर नाहीच. एक्स्टर्नलनी आम्हाला फक्त अॅक्युरसी विचारली. फॉर्ममध्ये तेवढी एक चौकट वाढवा, अशी विनंती मी एचओडी सरांना लेखी केली आहे. उत्तर यायचं आहे.

सरांना मी महिनाभराने पुन्हा फोन केला आणि नावं उडवली होती हे सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यातले बरेच जण आता नाहीत गं." आठवड्याने एसटी पार्सलने पेनड्राइव्ह आला, सोबत वहीच्या कागदावर चारशे अकरा नावांची यादी, गाववार. ती आम्ही चौघांनी मिळून दोन रविवार बसून पुन्हा नोंदींना जोडली. मॉडेल अजूनही फारसं चांगलं नाही. 'पाऊस'च्या पुढे ते 'पडला'ऐवजी 'पाणी' सुचवतं.

पेनड्राइव्ह लॅबमधल्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढच्या बॅचमध्ये कोणाला वापरायचा असेल तर आधी सरांना फोन करावा लागेल. नंबर माझ्याकडे आहे. संध्याकाळी पाचनंतर करा, दुपारी ते झोपतात.